शाबासकीची बरणी

मित्रांनो, सातवीच्या वर्गातल्या कपाटावर, फाटक्या नकाशांच्या मागे धूळ खात पडलेली काचेची जुनी बरणी आहे ना, ती मी. माझ्या तळाला एक बुडबुडा राहून गेला आहे. भट्टीतून बाहेर आले तेव्हा कारागिराने मला उजेडात धरून पाहिलं, नाक मुरडलं आणि कमअस्सल मालात ढकलून दिलं. म्हणून मी स्वस्तात एका दुकानदाराच्या पदरात पडले. त्याच्याकडे पुष्कळ वर्षं माझ्यात लिंबाच्या गोळ्या असत आणि पोरं माझ्या पोटाला नाकं लावून उभी राहत. पुढे प्लास्टिकच्या बरण्या आल्या, आणि मी खिळे ठेवायच्या कामाला लागले. तिथून मला उचललं ते सातवीच्या बाईंनी.

बाईंनी मला घासूनपुसून लख्ख केलं आणि वर्गात टेबलावर मांडलं. जो चांगला वागताना दिसेल त्याच्या हातात त्या एक गोटी देणार, आणि ती त्याने माझ्यात टाकायची. मी काठोकाठ भरले की अख्ख्या वर्गाला एक दुपार मोकळी, मैदानावर खेळ आणि आईस्क्रीम. पण एकदा आत गेलेली गोटी कुठल्याही कारणाने बाहेर निघणार नाही, हे त्यांनी बजावून सांगितलं होतं.

काय दिवस होते ते! मारकुटा म्हणून नावाजलेल्या एका पोराने दुसऱ्याचा सांडलेला डबा भरून दिला, आणि गोटी टाकताना त्याचे कान लाल झाले. शेवटच्या बाकावर एक मुलगी बसायची. रोज सगळ्यांच्या मागून येते म्हणून मुलं तिला 'शेपूट' म्हणत. तिची आई दवाखान्यात रात्रपाळी करायची. आई घरी पोचेपर्यंत धाकट्या भावाला एकटं टाकून हिला निघता येत नसे. बाईंना ते ठाऊक होतं. एकदा ती धापा टाकत दारात आली, तेव्हा उशीर झाला तरी आलीस हे छान केलंस, असं म्हणून बाईंनी तिच्याही हातात गोटी ठेवली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्या खऱ्या होत्या. मी खोटं कशाला सांगू?

मग बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या आणि त्यांच्या जागी एक सर आले. सर वाईट नव्हते. त्यांना वर्ग शांत आणि वेळेवर हवा होता, एवढंच. नुसत्या शाबासकीने मुलं शेफारतात, असं त्यांचं मत होतं. त्यांनी नियमाला एक शेपटी जोडली: एकाने चूक केली की सगळ्यांची एक गोटी बाहेर.

दुसऱ्याच सकाळी ती मुलगी उशिरा आली. सरांनी माझं झाकण काढलं, आत हात घातला आणि गोटी खिशात टाकली. तिला ते रागावले नाहीत. रागवायचं काम वर्गाने उचललं.

आधी तिच्या शेजारचा बाक रिकामा झाला. मग ती दिसली की मुलं आपसांत बोलायची थांबू लागली. कुणी तिला मारलं नाही, कारण मारलं तर गोटी गेली असती. सगळं अगदी शिस्तीत चाललं होतं. शेवटी वर्गाची मॉनिटर तिच्याकडे गेली. मॉनिटर अभ्यासात पहिली, बोलायला गोड.

"आम्ही तुझ्यावर चिडलेलो नाही," मॉनिटर म्हणाली. "फक्त उशीर होणार असेल तर येऊच नकोस. गैरहजर राहिलीस तर गोटी जात नाही. मी सरांना विचारलंय."

"आणि अभ्यास?"

"वही देईन ना मी."

वही तिने सुरुवातीला दिली. मग मलाच लागते, म्हणाली.

एके दिवशी ती मुलगी पळत पळत दारापर्यंत आली. सर फळ्याकडे तोंड करून गणित सोडवत होते. पुढच्या बाकावरच्या मुलांनी तिच्याकडे पाहिलं आणि हळूच माना हलवल्या. ती उंबऱ्यावर थबकली, दप्तर सावरलं आणि आली तशी मागे फिरली. तास संपल्यावर सर म्हणाले, आज एकही जण उशिरा आला नाही. आणि माझ्यात गोटी टाकली. त्या गोटीचा आवाज मला आजही नकोसा वाटतो.

अशी मी भरले.

मैदानावर जायच्या दिवशी आईला सुट्टी होती, म्हणून ती मुलगी सगळ्यांच्या आधी हजर होती. गणवेशाला इस्त्री, केसांना तेल. पण मॉनिटर उभी राहिली आणि हिने काही कमावलेलं नाही, असं म्हणाली. सरांनी थोडा विचार केला. वर्गाचं म्हणणं रास्त आहे, असा निवाडा दिला आणि तिला वर्गात बसून शुद्धलेखन करायला सांगितलं.

खालून हसण्याचा, ओरडण्याचा आवाज येऊ लागला. ती उठून माझ्याजवळ आली आणि दोन्ही हात माझ्यावर ठेवले. मित्रांनो, तिने मला जमिनीवर आपटावं, असं मला मनापासून वाटलं. तिने माझं तिरपं बसलेलं झाकण नीट केलं आणि दप्तर घेऊन निघून गेली. त्यानंतर ती शाळेत आली नाही.

बाई रजेवरून परतल्या तेव्हा मला भरलेली पाहून त्यांना कोण आनंद झाला! मग त्यांची नजर शेवटच्या बाकावर गेली. ती कुठे आहे, असं त्यांनी विचारलं.

"तिचं नाव पटावरून काढलं, बाई," मॉनिटर म्हणाली. "पण आता कुणीच उशिरा येत नाही."

बाई सगळ्या वर्गाकडे वळल्या. "तिला येऊ नकोस असं कुणी सांगितलं?"

सगळ्यांचे हात वर झाले. भराभर, उंच. खरं बोललं की गोटी मिळते, या आशेने सगळे माझ्याकडे बघत होते.

बाई तिच्या घरी जाऊन आल्या. आल्यावर शेजारच्या वर्गाच्या बाईंना एवढंच म्हणाल्या, की मुलगी दारामागून बाहेर आली नाही, आणि आईने नमस्कार करून दार लावून घेतलं. त्याच दुपारी त्यांनी मला रिकामं करून इथे वर ठेवलं. मुख्याध्यापकांना मात्र सरांची पद्धत फार आवडली. आता वर्गावर्गात नव्या बरण्या आहेत. भिंतीपलीकडून मला गोट्यांची टिकटिक ऐकू येते, आणि टाळ्याही.

मला खाली काढा, पुसा, असं माझं मागणं नाही. तुमचं चांगलं वागणं जपा, पण ते कुणाच्या जिवावर उभं आहे तेही बघा. टाळ्या वाजवायला हात उचलाल तेव्हा आधी मागे वळा. कुठला बाक रिकामा आहे ते नीट पाहा. मग वाजवाव्याशा वाटल्या तर वाजवा.