दुप्पट खोकं

विद्यापीठातल्या भौतिकशास्त्र विभागाच्या भिंतीवर संशोधन गटाच्या कामगिरीचा फलक लागणार होता, आणि त्यात पहिलं चित्र मास्तरच्या शोधाचं असणार हे कुणी ठरवायचीही गरज नव्हती. मास्तर म्हणजे गटातल्याच एका संशोधिकेचा नवरा. तो गटात सगळ्यांच्या गणितातल्या चुका काढायचा म्हणून हे नाव पडलं. गटप्रमुख सरांनाही त्याने कधी सोडलं नाही. बॅटरीसाठी एक घन पदार्थ त्याने संगणकावर शोधला, त्यातून विद्युतभार वाहणारे कण सहज सरकतात असं दाखवलं, शोधनिबंध छापून आला आणि थोड्याच दिवसांत तो आजारपणात गेला. नंतर गटाला अनुदान मिळालं, नवा संगणक मिळाला, ते सगळं त्याच पदार्थाच्या पुण्याईवर.

निबंधातलं जुनं चित्र मोठं केलं की पुसट दिसत होतं. नवं काढायचं काम सरांनी त्याच्या बायकोकडे सोपवलं. ते गणित तिलाही येत होतं, शिवाय बायकोनेच ते करावं असं त्यांना वाटलं. संगणक मोकळा होता, म्हणून चित्रासाठी गणित पुन्हा चालवताना तिने सवयीने खोकं दुप्पट केलं.

खोक्याची गोष्ट अशी. पदार्थात अणू अगणित, ते संगणकात मावणार कसे? म्हणून मूठभर अणू एका काल्पनिक खोक्यात घालायचे आणि तेच खोकं चहूबाजूंना पुन्हा पुन्हा आहे असं मानायचं, न्हाव्याच्या दुकानात समोरासमोरच्या आरशांत एकच गिऱ्हाईक रांगेने दिसतं तसं. खोकं फार लहान घेतलं तर कणाला शेजारी स्वतःचीच प्रत भेटते, आणि तिच्या आधाराने तो अशा ठिकाणाहून निसटतो जिथे एकटा अडकला असता. म्हणून गटाचा नियम होता की चित्र बाहेर जाण्याआधी दुसऱ्या कुणीतरी तेच गणित दुप्पट खोक्यात करून बघायचं. हा नियम मास्तरनेच घालून दिला होता.

दुप्पट खोक्यात कण जागचा हलला नाही. तिने पुन्हा करून पाहिलं, मग आणखी मोठ्या खोक्यात. कण ढिम्मच. दुसऱ्या एका प्रयोगशाळेने हा पदार्थ भट्टीत बनवून पाहिला होता, आणि कण सरकेनात तेव्हा सगळ्या गटाने त्यांच्या भट्टीला नावं ठेवली होती. भट्टी बिचारी निर्दोष होती.

ती सरांच्या खोलीत गेली. "सर, मास्तरचं दुप्पट खोकं कुणी केलं होतं?"

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "कुणीच नाही. तो दवाखान्यात पडून लॅपटॉपवर काम करत होता. डोक्यावर केस नाहीत, हाताला सलाईन. जा आणि याची चूक काढ, असं कुणाला सांगणार होतो मी?"

"चूक आहे, सर. पदार्थ चालत नाही."

सर हळूच म्हणाले, "राहू दे ना आता. झाकली मूठ सव्वा लाखाची. फलक बघायला त्याच्या आईला बोलावलंय आपण."

तिला त्यांचा राग आला आणि त्यांची दयाही आली. "तुमची चूक त्याने कधी झाकली होती का?"

"नाही," सर म्हणाले. चष्मा पुसायला त्यांना उगाचच फार वेळ लागला. "निबंध मागे घेऊ. पण आईंना तूच सांग, मला नाही जमणार."

सासू समारंभाच्या कपड्यांना इस्त्री करत होती. लेकाने काढलेल्या पदार्थावर उद्या गाड्या धावणार, हे तिने इमारतीत कुणाला सांगायचं बाकी ठेवलं नव्हतं. लिफ्ट दुरुस्त करायला आलेला माणूसही त्यातून सुटला नव्हता.

सुनेने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. सासूने इस्त्री उभी करून ठेवली.

"त्याची चूक झाली?"

"हो, आई."

"तेव्हा कुणी बघितली नाही?"

"कुणी तपासलंच नाही. इतका आजारी होता, कुणाला धीर झाला नाही."

"तुलाही?"

"मलाही नाही."

सासू खुर्चीवर बसली. रडेल असं वाटलं होतं, पण तिचा आवाज कोरडा होता. "मला म्हणायचा, आई, ही मंडळी अजून मला कामाचा माणूस समजतात. तेवढ्यावर दोन घास खायचा गं. चूक सांगितली असती तर चिडला असता, रात्रभर तळमळला असता, आणि सकाळी उठून दुरुस्त करत बसला असता. जिवंत होता तो. तुम्ही सगळे त्याला आधीच पोचवून आलात."

सुनेला आठवलं, शेवटच्या दिवसांत तो काहीही म्हणाला तरी ती 'हो' म्हणत असे, आणि एकदा त्याने उशीवरून मान वळवून विचारलंही होतं, की हल्ली तू माझ्याशी भांडत का नाहीस.