तीन नंबरची बॅटरी

ड्रोन तीन वर्षांच्या वर टिकतच नाही, असं आमचे दाजी चारचौघांत छातीठोकपणे सांगतात. त्यांचा टिकला नाही ना, मग कुणाचाच टिकू नये! दोघांनी एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेले. माझा पाचव्या वर्षात आहे. उडवून आले की मी त्याच्या पंख्यांच्या मोटरींतली धूळ ब्रशने काढते, कड खरचटलेला पंखा त्याच दिवशी बदलते, गरम बॅटरी चार्जरला लावत नाही आणि काम नसेल तेव्हा बॅटऱ्या अर्ध्याच भरून ठेवते. दाजी पूर्ण भरलेल्या बॅटऱ्या उन्हात गाडीत टाकून खुशाल झोपतात. आता ड्रोन त्यांनी दुसरा घेतलाय, बॅटऱ्या मात्र त्याच. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय!

गेल्या महिन्यात एका कारखान्यात चाचणी होती. सगळ्या छपरांचे फोटो जो न अडखळता काढेल, त्याला वर्षभर छपरं तपासायचं काम. उमेदवार दोनच, मी आणि दाजी.

आदल्या संध्याकाळी नेहमीप्रमाणे मी बॅटऱ्या काचेच्या टेबलावर ठेवून पाहिल्या. एक आणि दोन नंबरच्या सपाट बसल्या. तीन नंबरची डुलली. पोट फुगलेलं. माझी बॅटरी फुगते? माझं डोकंच फिरलं. मग आकडा पाहिला. बॅटऱ्यांवर मी नेलपॉलिशने आकडे घालते, पण हा तीन माझा नव्हता. तिनाच्या शेपटीला गाठ मारायची सवय आमच्यात एकाच माणसाला आहे. आणि दुपारी ताई 'सहज' येऊन गेली होती.

मी तडक तिचं घर गाठलं. तिने दार अर्धंच उघडलं.

"माझी बॅटरी दे."

"कसली बॅटरी?"

"ताई, वेड पांघरू नकोस. ड्रोन हवेतून कोसळला असता. खाली माणसं असतात."

ती एकदम उसळली, "तुझं काय गं, तुझं सगळंच टिकतं! हे काम गेलं तर हे दिवसभर घरात बसतील, आणि सगळा राग माझ्यावर काढतील. तुला दुसरं मिळेल."

"दाजींनी करायला लावलं?"

"त्यांना पत्ताही नाही. मी केलं. आणि पुन्हा करीन."

दाजींचा राग करणं सोपं असतं. मला तिचा आला. तिने आतून बॅटरी आणून माझ्या पायाशी टाकली. मी फुगलेली तिच्या हातात दिली.

"ही घरात ठेवू नकोस. बाहेर वाळूच्या डब्यात ठेव, पेटेल."

"आता तेही तूच शिकव," म्हणत तिने दार आपटलं.

मी जिन्यातच थांबले. बऱ्याच वेळाने ती डबा घेऊन बाहेर आली, बॅटरी वाळूत पुरली आणि माझ्याकडे न बघता आत गेली. मग मी निघाले.

काम मला मिळालं. तेव्हापासून ताईने माझा फोन उचललेला नाही. खरं सांगायचं तर मीही एकदाच केला.