तेरा तारखेचा अर्ज

मित्रांनो, मी एक जुना आवक शिक्का आहे. कचेरीत आलेला अर्ज कोणत्या तारखेला मिळाला, हे कागदावर उमटवणे एवढेच माझे काम. मला लाकडी मूठ आहे, आत आकड्यांचे रबरी पट्टे आहेत आणि बाजूचे चाक फिरवले की तारीख बदलते.

आवक खिडकीवरचे कारकून मला फार जपत. रोज सकाळी, हातातला डबा ठेवायच्याही आधी, ते माझे चाक एक घर पुढे सरकवत आणि रद्दी कागदावर उमटवून खात्री करून घेत. नाकासमोर चालणारा माणूस! पाण्याचे, रस्त्याचे, वर्तमानपत्र काढण्याचे, सभेचे असे हजारो अर्ज आम्ही दोघांनी घेतले. सभेचा अर्ज सात दिवस आधी यावा, असा नियम होता. नियम वाईट नव्हता. रुग्णवाहिकेला वाट मोकळी ठेवायची तर आधी कळायलाच हवे.

एका तेरा तारखेला शिवणकारखान्यातली एक बाई आली. काम चालू असताना मालक मागच्या दाराला कुलूप लावी, आणि आत ऐंशी बायका. वीस तारखेला तपासणी अधिकारी येणार होते, तेही वर्षातून एकदाच. त्या दिवशी फाटकासमोर सभा घेऊन त्या कुलपाची गोष्ट त्यांच्या कानावर घालायची होती.

"सात दिवस होतात ना, भाऊ?"

"होतात की."

तेवढ्यात आतल्या साहेबांनी कारकुनांना बोलावले. ते परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी अंगठ्याने माझे चाक एक घर पुढे ढकलले आणि दोन्ही प्रतींवर चौदा तारीख उमटवली. बाईने फुंकर घालून शाई वाळवली, आपली प्रत घडी करून पिशवीत ठेवली आणि हसत गेली. तारीख तिने वाचलीच नाही. शिक्का बसला म्हणजे काम झाले, असे सगळ्यांनाच वाटते.

मला वाईट वाटायला हवे होते. वाटले नाही. चाक पुन्हा तेरावर आले, पुढचा कागद आला, त्यावरही मी उमटलो.

सोळा तारखेला ती नकाराचे पत्र घेऊन आली. अर्ज मुदतीत नाही, असे त्यात लिहिले होते.

"भाऊ, मी तेरालाच आले होते. तुम्हीच शिक्का मारलात."

"बाई, कागदावर चौदा आहे."

"मग कागद खोटा आहे."

"शिक्का कधी खोटं बोलतो का?" कारकून खाली बघत म्हणाले.

ती बराच वेळ माझ्याकडे पाहत उभी राहिली. मग रांगेतल्या माणसाने तिला बाजूला व्हायला सांगितले.

वीस तारखेला जमलेल्या बायकांना विनापरवाना म्हणून हुसकावले. अधिकारी पुढच्या दाराने आले, चहा घेऊन गेले. कुलूप जागच्या जागी राहिले. हे मी कचेरीतल्या गप्पांतून ऐकले. कारकून गप्पांत नव्हते. रोज चाक ते फिरवत, पण रद्दी कागदावर उमटवून बघणे त्यांनी सोडून दिले.

आता खिडकीवर संगणक आहे आणि मी खणात, वाळलेल्या शाईच्या गादीशेजारी पडून आहे.

मित्रांनो, मागणे मांडायचा आणि शांतपणे एकत्र जमायचा हक्क तुमचा आहे. नियम पाळा, पण खिडकीपासून हलण्याआधी तारीख वाचा. चुकली असेल तर तिथेच, सगळ्यांसमोर बोला. तिने अर्ज दिला त्या दिवशी खिडकीशी रांगेत अकरा माणसे होती. तारीख तेरा आहे, हे त्या सगळ्यांना माहीत होते.