सैल पडलेला हँडब्रेक

मित्रांनो, मी एक जुना हँडब्रेक आहे. एका निळ्या गाडीत, पुढच्या दोन सीटांच्या मधोमध माझी जागा. थांबलेल्या गाडीला जागच्या जागी धरून ठेवायचं, एवढंच माझं काम.

कारखान्यातून आलो तेव्हा मला ओढलं की तीनदा टक-टक वाजायचं आणि गाडी तसूभरही हलायची नाही. गाडी चित्रकलेच्या मास्तरांची. त्यांचं घर चढावरच्या गल्लीत. शेजारी विचारायचे, "इथे गाडी लावायला भीती नाही वाटत?" मास्तर माझ्यावर थाप मारून म्हणायचे, "हा आहे ना." मला धन्य वाटायचं.

वर्षं गेली आणि माझी वायर सैल पडत गेली. तिनाच्या जागी सात-आठदा टक-टक होऊ लागलं. मेकॅनिकने स्पष्ट सांगितलं, "मास्तर, आता नुसती ताणून भागणार नाही, बदलावीच लागेल. तासाभराचं काम आहे."

"सध्या परीक्षा चालू आहेत. पुढच्या आठवड्यात आणतो."

तो पुढचा आठवडा पाच महिने उगवलाच नाही.

मास्तरांची मोठी बहीण त्यांच्याकडेच राहायची. ताई कपडे शिवायची. तिची कात्री खडूच्या रेषेबाहेर कधी गेली नाही. त्या सकाळी शिवलेले गणवेश शाळेत पोचवायचे होते. मास्तरांनी मला वर ओढलं, गाडी गिअरमध्ये न टाकताच उतरले आणि राहिलेलं गाठोडं आणायला घरात गेले. ताईने डिकी जोरात लावली. तेवढ्या धक्क्याने माझी पकड सुटली.

गाडी मागे सरकू लागली. ताईला लगेच बाजूला होता आलं असतं. पण मागे दगडी भिंत होती आणि भावाने गाडीला नुकताच हौसेने रंग दिला होता. तिने दोन्ही हात डिकीवर टेकून गाडी थोपवायला पाहिलं. मी जीव तोडून प्रयत्न केला, पण मला धरवेना. शेवटच्या क्षणी ती बाजूला झाली, उजवा हात मात्र भिंतीशी चेंगरला. त्याची तीन बोटं पुन्हा कधी वाकली नाहीत.

दवाखान्यातून परत येताना ती शेजारच्या सीटवर बसली होती. मास्तर गाडी चालवत होते, तिच्याकडे बघत नव्हते.

"अरे, तू काय मुद्दाम केलंस?" ती म्हणाली.

ते म्हणाले, "मुद्दाम नाही. पण मला माहीत होतं, ताई."

दुसऱ्याच दिवशी माझी वायर बदलली. खरंच तासच लागला. आता संध्याकाळी उघड्या खिडकीतून मला दोघं दिसतात. ताई डाव्या हाताने रेषा आखते, मास्तर कापतात. कात्री वाकडी गेली की ती दुसरं कापड पसरते. ते मला बघवत नाही.

मित्रांनो, आम्ही थकलो की तोंडाने सांगू शकत नाही. सैल पडतो, जास्त वाजतो, तेच आमचं सांगणं. ते ऐकलंत की कामं बाजूला ठेवा आणि आम्हाला दाखवून आणा. आणि उतारावर गाडी सुटलीच, तर तिला हाताने अडवायला जाऊ नका. आपटू दे तिला. पत्रा ठोकून सरळ करता येतो.