माझ्यावर चिकटवलेले समन्स

मित्रांनो, तुम्ही ज्याला टेकून शाळेचे बूट घालता ना, तसाच मी एक जुना दरवाजा. सुताराने रंधा मारून मला गुळगुळीत केले, पितळी क्रमांक ठोकला आणि तळमजल्यावरच्या एका घराला रस्त्याच्या बाजूने बसवले. घरात एक ताई शिवणकाम करते. तिची गिऱ्हाइके माझ्यातूनच यायची. "दार कसं भक्कम आहे हो!" असे कुणी म्हटले की मी मनातल्या मनात फुगायचो.

एकदा कापडवाल्याने पाठवलेले तागे पाण्यात घालताच रंग सोडू लागले. त्याचाच माणूस ते खांद्यावर टाकून परत घेऊन गेला, माझ्याच उंबऱ्यावरून. हे मी पाहिले आहे.

मग बाळ झाले. त्याची छाती फार नाजूक. रस्त्याची धूळ नको म्हणून ताईने माझ्या फटींत चिंध्या कोंबल्या, कडी घातली आणि पाळणा मला लावून ठेवला. सगळे मागून, स्वयंपाकघरातून येऊ लागले.

"दार आहे की भिंत?" सासूबाई टोमणा मारत.

"खोकला झाला तर रात्रभर तुम्ही जागणार का?" ताई म्हणे.

पुढून कुणी वाजवले तर ती ओ देत नसे. बाळ उठेल ना!

एका दुपारी न्यायालयाचा बेलीफ आला. त्याने दोनदा थाप मारली. बाळ नुकतेच झोपले होते. ताईने श्वास रोखून धरला. बेलीफाने माझ्यावर समन्स चिकटवले, फोटो काढला आणि गेला. कापडवाल्याने त्याच ताग्यांच्या पैशांसाठी दावा लावला होता. मला ओरडावेसे वाटले, पण लाकडाला कुठला आवाज! पुढे शिकवणीवाल्यांनी त्या कागदावरच आपली जाहिरात डकवली.

ताईला कळले ते थेट निकाल लागल्यावर.

"एकतर्फी हुकूम झालाय," वकीलकाका म्हणाले. "आधी तो रद्द करून घ्यायचा, मग आपली बाजू मांडायची."

"पण काका, कापड परत गेलंय!"

"ते ऐकायची पाळीच आली नाही अजून, पोरी."

आणि ती आलीच नाही. फोटोत मी होतो, क्रमांकासकट. घर हेच, दार हेच, म्हणजे समन्स पोहोचले, असे म्हणून न्यायालयाने हुकूम रद्द करण्याचा तिचा अर्ज फेटाळला. तागे परत जाताना ज्याने पाहिले, तोच तिच्याविरुद्धचा पुरावा ठरला. ताग्यांबद्दल तिला कुणी एक शब्द विचारला नाही.

वरच्या न्यायालयात जाऊ, असे काका म्हणाले. त्याआधीच जप्ती आली. आज पाळणा सरकवून मला उघडले.

"शिलाई मशीन नेता येत नाही, कायदाच आहे तसा," बेलीफ म्हणाला. "फ्रिज नेता येतो."

"त्यात बाळाचं औषध आहे हो!"

"ते काढून घ्या, ताई."

"तेव्हा मागच्या दाराला का नाही आलात?"

"पत्त्यावर पुढचंच दार होतं. मी तरी काय करू?"

हमाल फ्रिज घेऊन आत्ताच माझ्यातून बाहेर पडले. ताई औषधाची बाटली धरून उभी आहे. कुठे ठेवावी, तिला सुचत नाही.

मित्रांनो, थाप पडली तर गप्प बसू नका, घरातल्या मोठ्यांना सांगा. आणि तुमच्यातले कुणी बेलीफ झाले तर थोडे थांबा, शेजारी विचारा. न्यायाधीश झालात तर उशिरा आलेल्याचेही एकदा ऐकून घ्या. लवकर मोठे व्हा रे! तिच्या हातातली बाटली गरम होत चालली आहे.