माशांच्या टाकीतले दात

“आणि ते दात?” मॅडमनी विचारलं.

“दात माशांच्या टाकीत होते,” ताई म्हणाल्या. “कुणीतरी सांगत होतं. रात्रभर घर पालथं घातलं म्हणे, आणि सकाळी बघतात तर टाकीच्या तळाशी कवळी, आणि मासे तिच्यातून ये-जा करतायत. मग एक बाई हसली. आणि एक माणूस म्हणाला, हसवू नका, माझा हात हलतो.”

ताईंचे मिस्टर ओशाळं हसले. “बघा ना मॅडम. तीन महिने हेच ऐकतोय आम्ही. आता माशाच्या टाकीत कुणाचे दात असतात का?”

मी ताईंच्या दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा गुंडाळून बसलो होतो. फुगा हातात होता, पण दाबायचं विसरलो होतो. कारण ते दात त्या क्षणी माझ्या तोंडात होते.

“भूल उतरताना असं काहीबाही होतं,” आमच्या भूलतज्ज्ञ मॅडम समजुतीने म्हणाल्या. “मेंदू अर्धवट जागा, अर्धवट झोपेत. स्वप्नच असतं, पण खरं वाटतं.”

“उतरताना नाही हो. पोटात हात चालले होते. कुठे ओढतायत, कुठे कापतायत, सगळं कळत होतं. ओरडायचं होतं, तर जीभ हलेना. करंगळी हलवून बघितली, ती पण नाही. श्वाससुद्धा माझा नव्हता, कुणीतरी आत ढकलत होतं.” ताई थांबल्या. “मी पिशवीसकट जगेन. त्या टेबलावर मला पुन्हा नका नेऊ.”

पिशवी म्हणजे त्यांच्या पोटावरची. आतडं फाटून त्या आमच्याकडे आल्या, तेव्हा सर्जननी जीव वाचवायला आतड्याचं तोंड तात्पुरतं पोटावर काढलं होतं. तीन महिन्यांनी ते पुन्हा आत जोडून टाकायचं, म्हणजे माणूस पूर्ववत. साधं ऑपरेशन. पण ताई सहीच करेनात.

“काका, प्रेशर किती?” मॅडमनी विचारलं.

मी फुगा दाबायला लागलो. माझी दातखीळ बसली होती, आणि तीही खोट्या दातांची.

मला इथे सगळे गॅसकाका म्हणतात. ऑपरेशन थिएटरमध्ये भुलीचं यंत्र सांभाळायचं, सिलिंडर बघायचे, नळ्या जोडायच्या, मॅडम मागतील ते औषध त्यांनी मागायच्या आधी हातात ठेवायचं, हे माझं काम. सत्तावीस वर्षं झाली. पेशंटला माझा चेहरा आठवत नाही आणि तोच माझा मोठेपणा, असं मी नव्या लोकांना ऐटीत सांगायचो.

यंत्राच्या माथ्यावर एक भांडं असतं. भुलीचं औषध त्यातून वाफ होऊन पेशंटला जातं. भांड्याला बोटभर काचेची खिडकी, तिच्यात औषधाची पातळी दिसते. प्रत्येक केसच्या आधी ती बघायची, एवढी साधी गोष्ट. त्या दिवशी आधीची केस लांबली, तेवढ्यात ताईंना घाईघाईने आणलं, आणि मी सिस्टरला नातीचा प्रताप सांगण्यात रंगलो होतो. आजोबांचे दात आंघोळ करतील म्हणून तिने ते टाकीत सोडले होते. ऑपरेशन सुरू झालं तरी माझी गोष्ट चालूच होती. चांगलीच होती, सिस्टर खो खो हसली, सर्जनही हसवू नका म्हणाले.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी ताईंची नाडी एकशेतीसवर गेली. मॅडमना वाटलं दुखतंय, त्यांनी वेदनेचं इंजेक्शन दिलं. ताईंच्या डोळ्यांवरच्या चिकटपट्टीखालून पाणी आलं होतं. मी ते कापसाने टिपलं, पट्टी पुन्हा नीट चिकटवली. मग माझी नजर खिडकीवर गेली. कोरडी ठणठणीत. श्वास यंत्र देत होतं, अंग सैल पाडणारं औषध अंग सैल पाडत होतं, फक्त झोप संपलेली होती.

मी मॅडमच्या पाठीमागून बाटली काढली आणि भांडं भरलं. तेव्हा दहा अठ्ठेचाळीस झाले होते. थोड्या वेळाने नाडी उतरली.

“बघा, दुखत होतं बिचारीला,” मॅडम म्हणाल्या.

“हो मॅडम,” मी म्हणालो.

सत्तावीस वर्षांत लाखभर वेळा मी हो मॅडम म्हटलं असेल. त्यातलं एवढं एकच मला आठवतं.

स्वतःची समजूत मी लगेच घातली होती. एवढ्या थोड्या वेळात काय होतंय, आधीची भूल अंगात असेलच की. पण आता ताईंनी शब्दन् शब्द सांगितला होता, आणि गंमत अशी की त्यातली सगळ्यात खरी गोष्टच सगळ्यात खोटी वाटत होती. दातांमुळे त्यांना लोक वेड्यात काढत होते.

त्यांचे मिस्टर व्हरांड्यात भेटले. “बसस्टँडवर गाड्या पुकारायची ना ही, तुम्ही ऐकली असेल.”

ऐकली म्हणजे काय! अकरा वर्षं त्या आवाजावर मी पळत सुटून बस पकडली होती. बाई असं खणखणीत पुकारायची की झोपलेला माणूस आपलं गाव सोडून तिसऱ्याच गाडीत बसावा. गेले तीन महिने तिथे कुणी पुरुष पुकारत होता, आणि मी सवयीने शिव्या घालत होतो.

“पुकारायची खोली काचेची आहे. दार लावलं की बाहेरचं ऐकू येत नाही,” मिस्टर म्हणाले. “मध्ये एकदा गेली होती हौसेने. दार लावलं आणि पाचव्या मिनिटाला घामाघूम होऊन बाहेर. आता घरात न्हाणीचं दारसुद्धा लावू देत नाही. रात्री मी जरा गाढ झोपलो की हलवून उठवते. काय करू सांगा. तिला कसं पटवू की असं काही झालंच नव्हतं?”

मी म्हणालो, “होईल सगळं नीट.” असलं गुळमुळीत बोलणं मला फार छान जमतं.

घरी पाहुणे आले होते. नात माझ्या गुडघ्यावर चढली. “आजोबा, दातांची गोष्ट सांगा ना!” मी तिच्यावर इतक्या जोरात ओरडलो की ती रडायलाही विसरली. बायको स्वयंपाकघरातून बाहेर येऊन माझ्याकडे बघत राहिली. काय झालं म्हणून तिने दोनदा विचारलं. मी तोंडाला कुलूप लावून बसलो. निवृत्तीला चौदा महिने उरले होते, आणि ते कसेही करून अंग चोरून काढायचे, एवढाच विचार डोक्यात होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत थिएटर रिकामं होतं. मी दार लावून घेतलं आणि टेबलावर आडवा झालो. समोर भिंतीवरचं घड्याळ. ठरवलं, आठ मिनिटं हलायचं नाही. बोट नाही, पापणी नाही, आवंढासुद्धा नाही.

पहिलं मिनिट बरं गेलं. दुसऱ्यात नाकाच्या शेंड्याला खाज सुटली, आणि ती खाज हळूहळू एवढी मोठी झाली की मी म्हणजे नुसतं नाकच उरलो. पाठीखालची एक सुरकुती टोचायला लागली. डोळ्यांतून पाणी आलं, ते कानात उतरलं, आणि पुसायचं नव्हतं. तिसऱ्या मिनिटाला मी उठून बसलो आणि दोन्ही हातांनी तोंड खसाखसा चोळलं. मला कुणी कापत नव्हतं. दार आतून मीच लावलेलं होतं. तरी तीन मिनिटं झाली नाहीत माझ्याच्याने.

आधी मॅडमकडे गेलो. सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, “मी तिला स्वप्न म्हणाले, काका. तोंडावर म्हणाले.” आणि उठल्या. “चला.”

ताई खिडकीजवळ बसल्या होत्या, मिस्टर शेजारी. मी उभ्यानेच बोललो, आणि शब्द पुरेनात म्हणून शेवटी कवळी काढून हातात धरली. वाईट दिसतं ते, ठाऊक आहे मला. पण मिस्टरांचं तोंड उघडं राहिलं, आणि ते हसले नाहीत.

“हेच ते दात,” मी बोबडं बोललो.

ताई दातांकडे बघत राहिल्या. “किती वेळ?”

“आठ मिनिटं. फार तर दहा.”

“मला वाटलं, दिवस मावळला असेल.” मग त्यांनी विचारलं, “डोळे पुसले ते कुणी?”

“मीच.”

“वाटलं होतं, आता कळलं यांना. आता थांबतील. आणि तुम्ही परत पट्टी लावलीत.”

मी मान खाली घातली. त्या मिस्टरांकडे वळल्या. “ऐकलंत? मी वेडी नाही.”

“नाही गं,” ते म्हणाले, आणि त्यांनाच रडू फुटलं.

ताईंना मात्र रडू आलं नाही. “तीन महिने काका, तीन महिने! एक शब्द बोलला असतात तर मी निदान माझ्या घरात तरी शहाणी राहिले असते. का नाही बोललात?”

“भ्यालो,” मी म्हणालो. दुसरं काही खरं नव्हतं.

“जा तुम्ही,” त्या म्हणाल्या.

चौकशी लागली. सोमवारपासून मला चादरींच्या स्टोअरमध्ये बसायचं होतं, यंत्राला हात लावायचा नाही. योग्यच होतं ते. पण शनिवारी मॅडमनी बोलावलं. ताई ऑपरेशनला तयार झाल्या होत्या, एका अटीवर. त्यांना भूल असेपर्यंत मी त्यांचा हात धरायचा.

मी वॉर्डात गेलो. “ताई, मीच कशाला? सिस्टर आहे, मॅडम आहेत.”

“त्यांचा विश्वास बसलाय,” ताई म्हणाल्या. “तुम्हाला माहीत आहे. फरक आहे त्यात.”

आमचे जुने सर एक युक्ती करायचे. दंडाला प्रेशरचा पट्टा करकचून आवळायचा आणि मग अंग सैल पाडणारं औषध द्यायचं. ते त्या हातात उतरत नाही. बाकी अंग निपचित पडलं तरी तेवढा एक हात मोकळा राहतो. पेशंट जागा असेल तर तो हात दाबू शकतो. मी मॅडमना आठवण दिली. “वाचलंय मी, केलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “करू या. आणि काका, ही तुमची शेवटची केस.”

त्या दिवशी खिडकी मॅडमनी स्वतः बघितली, मग सिस्टरने, मग सर्जनने. मला स्टुलावर बसवलं. औषध उतरण्याआधी ताई माझ्याकडे बघून म्हणाल्या, “सोडायचा नाही हं.” आणि डोळे मिटले.

एक तास चाळीस मिनिटं. मध्ये पट्टा सैल केला, पुन्हा आवळला. दर पाच मिनिटांनी मी त्यांच्या कानाशी वाकून म्हणत होतो, “ताई, ऐकू येत असेल तर हात दाबा.” हात दाबला जात नव्हता. पण मला वाटायचं, आता दाबतील, आणि नेमका तेव्हा मी नसलो तर? नाकाला खाज आली. पाठ धरली. चष्मा घसरत घसरत नाकाच्या टोकावर आला. सिस्टरने न सांगता तो वर सरकवला. थिएटरमध्ये कुणी अवाक्षर काढत नव्हतं. घड्याळाकडे बघितलं की काटा जागचा हलायचा नाही. त्यांच्या हाताचा घाम कुठला आणि माझा कुठला, हे कळेनासं झालं.

टाके पडले. श्वासाची नळी निघाली. ताईंना बाहेर आणलं, मी खाटेबरोबर वाकडा चालत बाहेर आलो. बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे उघडले. घसा बसला होता.

“दाबला होता का मी?”

“नाही ताई. एकदासुद्धा नाही.”

“मला काहीच आठवत नाही,” त्या म्हणाल्या. जरा वेळ छताकडे बघत राहिल्या. “काहीच नाही.”

मिस्टरांनी उपरण्यासारखा खांद्यावर घेतलेला टॉवेल तोंडाला लावला.

“मग आता सोडा काका,” ताई म्हणाल्या.

मी सोडायला गेलो, तर बोटं उघडेनात. आखडून घट्ट झाली होती. मनात म्हणत होतो उघडा, आणि ती ऐकत नव्हती. मी कसनुसा हसलो.

ताईंनी दुसरा हात, सलाइनची सुई लावलेला, सावकाश इकडे आणला. आणि करंगळीपासून सुरुवात करून माझं एकेक बोट सोडवलं.