शिक्का पूजेला बसला तेव्हा

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे, पण मला गरीब बिचारा समजू नका. उज्जैनच्या टावर चौकातल्या एका दुकानात माझा जन्म झाला. पोटावर उलटी अक्षरं कोरली गेली, ‘जाँच के अधिकार से बाहर’, म्हणजे तपासाच्या अधिकाराबाहेर. तिथून मी पालिकेविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या लोकपालसाहेबांच्या कचेरीत आलो.

साहेबांच्या अधिकाराला कुंपणं फार. पालिकेनं नाली कुठे काढावी, हे ते सांगू शकत नाहीत. प्रकरण कोर्टात गेलं? बाहेर. वर्ष उलटलं? बाहेर. मग काय, आमचे बाबू दत्तात्रय नुसता विषय वाचायचे आणि धप्प! “क्या जमके उठता है!” म्हणत मला फुंकर घालायचे. मला गर्व चढला होता, खोटं कशाला बोलू?

निवृत्त शिक्षिका मंगलाबाईंच्या अर्जावर मी दोनदा उठलो होतो. नव्या नालीचं तोंड थेट त्यांच्या स्वयंपाकघराकडे होतं, सांडपाणी आत शिरायचं. बिचाऱ्या विटांवर उभ्या राहून पोळ्या लाटायच्या. त्या तिसऱ्यांदा आल्या, तो दिवस नेमका खंडेनवमीचा. दत्तात्रयांनी मला हळदकुंकू वाहून पाटावर बसवलं होतं, डोक्यावर झेंडूचं फूल.

“काकू, दसरा झाल्यावर या. शिक्का पूजेला बसलाय, आज उचलता येत नाही.”

“अहो, माझी वर्षाची मुदत आज संपतेय! शिक्का नाही तर नाही, निदान वाचा तरी!”

हात रिकामे, करतात काय? चष्मा लावून दत्तात्रयांनी अर्ज पार शेवटपर्यंत वाचला. दुसऱ्या पानाच्या तळाशी लिहिलं होतं की पालिकेला पाच अर्ज दिले, एकाचंही उत्तर आलं नाही.

“अरे देवा! नाली आपल्या हातात नाही, पण उत्तर का दिलं नाही, हे तर साहेब विचारू शकतात! काकू, आधी का नाही सांगितलंत?”

“दोन्ही वेळा लिहिलं होतं,” मंगलाबाई म्हणाल्या.

मी फुलाखाली लाजेनं चूर झालो.

अर्ज त्याच दिवशी दाखल झाला. साहेबांनी नालीबद्दल चकार शब्द काढला नाही, फक्त उत्तर मागितलं. आता उत्तर लिहायचं तर जागा बघायला हवी. पालिकेचे इंजिनिअर मंगलाबाईंच्या स्वयंपाकघरात शिरले आणि नव्या बुटांसकट घोट्यापर्यंत बुडाले. आठ दिवसांत नालीचं तोंड वळलं!

मंगलाबाई पेढे घेऊन आल्या, तेव्हा एक माझ्यापुढेही ठेवला. मित्रांनो, मला जरूर जपा, पण उचलण्याआधी कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. इतकी वर्षं धपाधप उठलो, कुणी साखरेचा दाणा दिला नाही. एक दिवस गप्प बसलो, तर पेढा मिळाला.